काळजी सोडली तर मी बेफिकीर ठरेन का?

‘वर्तमानात जगायचं म्हणजे नेमकं करायचं काय?’ असं विचारणारी बरीच पत्रं या महिन्यात आली. त्यातली चार इथे घेतली आहेत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पहिल्या दोन पत्रांवर सविस्तर लिहावंसं वाटलं, त्यामुळे पुढच्या दोघांना जागा कमी मिळाली आहे.

प्रश्न : ताई, तासगाव तालुक्यात माझी अडीच एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फळछाटणी घेतली. प्लॉट आता दोडा अवस्थेत, म्हणजे घड फुलण्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे, थोड्याच दिवसांत फुलोऱ्यात जाईल. मागच्या वर्षी ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला आणि डाऊनी (पानांवर, घडांवर येणारी बुरशी), घडकूज यांत निम्मा माल गेला. गावच्या शेती सोसायटीचं कर्ज आहे, फवारणीच्या औषधांच्या दुकानाची उधारी आहे. यंदा रात्री दोन-दोनदा उठून मोबाइलवर हवामान बघतो. तीन ॲप आहेत, तिन्ही वेगवेगळं सांगतात. आभाळ भरून आलं की छातीत धडधडतं. बायको म्हणते, “जे व्हायचं ते होईल, आत्तापासून कशाला जीव काढताय?” मला तिचा राग येतो. मी काळजी नाही करायची तर कुणी करायची? काळजी न करणाऱ्याची बाग राहत नाही.

उत्तर : भाऊ, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळी अडचण तिथंच आहे. माझं माहेर पलूसकडचं. थोरले भाऊ अजून बाग करतात. फुलोऱ्यात पाऊस आला की घरात दोन दिवस कुणी धड जेवत नाही, हे मी लहानपणापासून बघितलंय. त्यामुळे ‘जे व्हायचं ते होईल’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. निगा न ठेवणाऱ्याची बाग राहत नाही, हे अगदी खरं आहे.

पण तुम्ही निगा आणि घालमेल यांना एकच धरून चालला आहात. पानावर तेलकट पिवळा डाग दिसतोय का, पान उलटून खाली पांढरी बुरशी आहे का हे बघणं, बगलफुटी, म्हणजे बगलेतले जादा फुटवे, काढून वेल मोकळी ठेवणं म्हणजे हवा खेळते, फवारणीचं वेळापत्रक पाळणं, फवारणीच्या ब्लोअरचे नोझल तपासणं, ही निगा. यातल्या प्रत्येक कामाला सुरुवात आहे आणि शेवट आहे. काम झालं की हात धुऊन घरी येता येतं. रात्री दोनला उठून ढगांची चित्रं बघण्याला शेवट नाही. त्या वेळी तुम्ही फवारणीला जाऊ शकत नाही, वेलीसाठी काही करू शकत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी पानं बघणारे डोळे तारवटलेले राहतात.

मग मन हे का करतं? जागं राहिलं की आपण काहीतरी करतोय असं वाटतं म्हणून. पाऊस आला नाही तर मन म्हणतं, बघ, मी जागा होतो म्हणून निभावलं. आला तर म्हणतं, आणखी लक्ष द्यायला हवं होतं. दोन्हीकडून सवयच पक्की होते. काळजी हा आपल्या जबाबदारीचा पुरावा आहे असं एकदा मनानं घेतलं की ती सोडणं म्हणजे बागेशी, पोरांशी बेइमानी वाटायला लागते. तुम्हाला बायकोचा राग येतो तो यामुळेच. त्यांना बागेची फिकीर नाही असं मला वाटत नाही. तुम्ही रात्री किती वेळा उठता हे त्या सांगू शकतात, म्हणजे त्याही जाग्याच असतात.

तर आता करायचं काय, ते सांगते. काळजीला तिची वेळ द्यायची आणि बाकीची वेळ तिला द्यायची नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली ही पद्धत अभ्यासून मांडली. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची आणि दिवसभरात मनात येणारी प्रत्येक काळजी त्या अर्ध्या तासावर ढकलायची. काही आठवड्यांत अशा लोकांची दिवसभराची काळजी कमी झाली. मी ही पद्धत अनेकांना दिली आहे आणि शेतकऱ्यांना ती चांगली लागू पडते, कारण कामाच्या वेळा पाळायची त्यांना सवय असते.

संध्याकाळी बागेतून आल्यावर ओट्यावर वही घेऊन बसा. अंथरुणावर नको, जेवायच्या जागी नको. मनात येईल ते सगळं लिहा, पाऊस, कर्ज, उधारी, सगळं. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न : उद्या याबद्दल हातानं काही करण्यासारखं आहे का? असेल तर काय आणि किती वाजता ते लिहा. नसेल तर पुढची जागा कोरी सोडा. कोरी सोडताना सुरुवातीला जीवावर येईल. अर्धा तास झाला की वही बंद. रात्री जाग आली आणि विचार आला तर त्याला हाकलायला जाऊ नका, ‘उद्या संध्याकाळी ओट्यावर’ एवढंच म्हणा. पहिले काही दिवस तो ऐकणार नाही. मग ऐकायला लागतो.

तीनपैकी दोन ॲप काढून टाका. हवामान खात्याचं मेघदूत ॲप २०१९ पासून आहे, त्यावर दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो. तो वाचा. रोजचा अंदाज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघा. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत राहू दे.

आणि कर्ज. माणसाच्या डोक्यावर कर्ज असताना त्याला ‘क्षणात जगा, श्वासाकडे लक्ष द्या’ एवढंच सांगून मोकळं होणं मला पटत नाही. कर्ज हा मनाचा खेळ नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा भरला असेल तर त्याची पावती आणि बागेचे कागद एका जागी काढून ठेवा. सोसायटीच्या सचिवांना माल निघण्याची वाट न बघता आत्ताच भेटा. दुकानदाराशीही बोलून घ्या. तारीख ठरवून भेटलात की वहीतली ती ओळ रोज लिहावी लागणार नाही.

शेवटी एक सरळ विचारते. या घालमेलीत कधी जीव नकोसा होतो का? होत असेल तर ते आजच बायकोला सांगा आणि फवारणीच्या औषधांच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे द्या. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा नंबर आहे. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. रात्री दोनला मोबाइल हातात घ्यायचाच असेल तर तो नंबर लावायला घ्या.

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, वय ४६. दीड वर्षापूर्वी आई गेली. त्या रात्री अकराच्या सुमारास तिला पाठीत दुखत होतं, मळमळत होतं. तिला मधुमेह होता. संध्याकाळी शेजारच्या मुंजीत जेवली होती, म्हणून मला पित्त वाटलं. ओवा दिला, पित्ताची गोळी दिली, पाठ चोळून दिली. भावाला फोन केला, तोही म्हणाला सकाळी दाखवू. चारला तिला दरदरून घाम फुटला. रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हार्ट अटॅक म्हणाले. आई मूळची सावंतवाडीकडची, हसरी होती, कोकण रेल्वेची सगळी स्टेशनं रोह्यापासून क्रमानं म्हणायची. आता रोज पहाटे चारला मला जाग येते आणि एकच वाक्य डोक्यात फिरतं : अकरालाच नेलं असतं तर? वजन उतरलंय. भाऊ म्हणतो, झालं ते झालं, आता वर्तमानात जग. ते ऐकलं की जास्तच एकटं वाटतं.

उत्तर : ताई, भावाचं वाक्य मी पुन्हा म्हणणार नाही. ‘झालं ते झालं’ म्हणजे ‘आता याबद्दल माझ्याशी बोलू नकोस’, असंच ते ऐकू येतं. कदाचित त्यांना बोलायची भीती वाटत असेल, कारण ‘सकाळी दाखवू’ असं तेही म्हणाले होते.

आधी तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. अकराला नेलं असतं तर आई वाचल्या असत्या का? वाचल्या असत्या किंवा नसत्याही. हे मला ठरवता येत नाही, आणि कुणी छातीठोकपणे यातलं काहीही सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. मात्र एक गोष्ट वैद्यकशास्त्राला पक्की माहीत आहे. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटका पुष्कळदा छातीत कळ न येताच येतो. पाठदुखी, जबडा दुखणं, मळमळ, थकवा, धाप अशा वेषात तो येतो. तुमच्यासमोर त्या रात्री होती ती मुंजीचं जेवण जेवून आलेली, मळमळणारी आई. तिला पित्त झालंय असं वाटणं हा निष्काळजीपणा नव्हता. निष्काळजी माणूस मध्यरात्री पाठ चोळत बसत नाही, भावाला फोनही लावत नाही.

आता सगळं उघड दिसतंय ते का, ते सांगते. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १८१४ साली सुरू झालेल्या इंग्रज आणि गुरख्यांच्या लढाईची माहिती त्यांनी लोकांना वाचायला दिली. काहींना सांगितलं की इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं गुरखे जिंकले, काहींना सांगितलं कुणीच जिंकलं नाही. मग विचारलं, शेवट माहीत नाही असं समजून सांगा, काय होण्याची शक्यता जास्त होती? ज्यांना जो शेवट सांगितला होता, त्यांना तोच आधीपासून जास्त शक्य वाटला. माहिती सगळ्यांकडे तीच होती. शेवट एकदा कळला की मन मागे जाऊन सगळ्या खुणा त्या शेवटाकडे वळवतं. आपण हे करतोय याचा पत्ताही लागत नाही. चार वाजता जे कळलं ते घेऊन तुम्ही रोज अकरा वाजताच्या स्वतःला दोषी ठरवताय. अकरा वाजताच्या बाईकडे ते नव्हतं.

एक काम करा, आणि एकट्या करू नका. भावाला घरी बोलवा. कागदावर उजवी-डावी बाजू आखा. डावीकडे वेळ : अकरा, बारा, दोन, चार. उजवीकडे ‘त्या वेळी आम्हाला काय माहीत होतं’ एवढंच. चारच्या ओळीतली गोष्ट अकराच्या ओळीत लिहायची नाही. दोघांनी मिळून मोठ्यानं वाचा. तुमच्या आठवणीत त्या रात्री त्या खोलीत फक्त तुम्ही उभ्या आहात. प्रत्यक्षात फोनवर भाऊही होते, मुंजीचं जेवण होतं, सगळ्यांना फसवणारी आजाराची लक्षणं होती. कागदावर हे सगळे परत येतात.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट मला दिसली. आईबद्दल तुम्ही सगळं त्या पाच तासांचं लिहिलंय, आणि मधेच एका वाक्यात ती स्टेशनं. दुःख झालेल्या माणसाला पुष्कळदा अशी भीती असते की ही टोचणी गेली तर आईही जाईल. टोचणी हाच तिच्याशी उरलेला धागा वाटतो, आणि म्हणून बरं व्हायचीसुद्धा चोरी वाटते. पण आई त्या पाच तासांत मावत नाहीत. ती स्टेशनं तुम्हाला येतात का? कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड, वीर... पहाटे चारला जाग आली की पडून न राहता उठून बसा, पाय जमिनीवर टेका आणि ती हळूहळू, प्रत्येक नावाला एक श्वास अशी म्हणा. मधे मन ‘अकराला नेलं असतं तर’वर गेलं की ज्या स्टेशनावर थांबलात तिथून पुढे सुरू करा. नाव अडलं तर दिवसा भावाला विचारा. त्या वेळी काही आईला विसरायला नको, आणि त्या रात्रीत परत जायलाही नको.

मात्र दीड वर्ष रोज पहाटे जाग येणं आणि वजन उतरणं हे फक्त सल्ल्यावर सोडण्यासारखं नाही. हे नैराश्य असू शकतं. वर्षाहून अधिक काळ तसंच धारदार राहणाऱ्या दुःखाला २०२२ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र नाव आहे आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. थायरॉइड आणि रक्तही तपासून घ्या. सोबत भावाला न्या.

प्रश्न : काकू, मी २६ वर्षांचा आहे. चाकणची नोकरी सोडून पुण्यात एमपीएससी करतोय. राज्यसेवेचा हा तिसरा प्रयत्न. नोकरी सोडली ते चुकलं असं रोज वाटतं आणि पुढे काय होणार याची भीती वाटते. अभ्यासिकेत दहा तास बसतो, पण पुस्तकात तीन तासही नसतो. मोबाइलवर सगळे सांगतात आजचा दिवस जगा. मी आज जगलो तर उद्याचं काय?

उत्तर : अरे, तू खुर्चीत दहा तास बसतोस आणि त्यातले सात चाकणला नाहीतर निकालाच्या दिवसात घालवतोस. यात तू एकटा नाहीस. २०१० साली हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २,२५० लोकांना दिवसातून अधूनमधून मोबाइलवर विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? जवळजवळ निम्म्या वेळा, ४६.९ टक्के, मन हातातल्या कामात नव्हतं. आणि मन भटकत असताना लोक जास्त नाखूश होते.

तुझ्या बाबतीत मूळ दुखणं असं आहे की नोकरी सोडण्याचा निर्णय तू रोज सकाळी नव्यानं घेतोस. रोज घेतलेला निर्णय रोज चुकीचा वाटणारच. तो एकदाच घे. हा प्रयत्न संपला की पुढे आणखी किती प्रयत्न आणि कुठल्या तारखेपर्यंत, खिशात पैसे कुठपर्यंत पुरतील, त्यानंतर कुठल्या कामाला अर्ज करणार, हे एका कागदावर लिही. गावी जाऊन आई-वडिलांना वाचून दाखव. त्या तारखेपर्यंत हा प्रश्न बंद. डोक्यात आला तर तारीख आठवायची. उद्याचा विचार तू आजच, पण एकदाच केलास, म्हणून तर आजचा दिवस मोकळा होतो. चैन करा आणि उद्याचं उद्या बघू, असं सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही.

दुसरं, वाचन कमी करून लिहायला लाग. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे लिहावं लागणारच आहे. पान वाचताना डोळे पुढे जातात आणि मन चाकणला राहतं, पण उत्तर लिहिताना ते जमत नाही, वाक्य अर्धवट राहतं आणि लगेच कळतं. रोज सकाळी पहिलं काम म्हणून घड्याळ लावून दोन उत्तरं लिही. दहा तास बसायचा हट्ट सोड. सहा तास पुरे आहेत, पण ते खरे असू देत.

प्रश्न : मी नाशिकची, वय ६३. मुलगा टोरांटोला असतो. त्याची नोकरी गेली, दुसरी शोधतोय. ध्यानाला बसते, पण पाच मिनिटांत मन तिकडे. इगतपुरीला विपश्यनेला जावं का? माझ्याच्यानं होईल का?

उत्तर : होईल. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. शिबिर दहा दिवसांचं, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन असतं, मोबाइल जमा करावा लागतो. फी नसते, आधी शिबिर केलेल्या साधकांच्या दानावर सगळं चालतं. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे बघायचं. मन जातं, आणायचं, पुन्हा जातं, पुन्हा आणायचं. तुम्ही घरी पाच मिनिटांत जे करून ‘जमत नाही’ म्हणता, तेच तिथे दिवसभर करतात. मन गेलेलं लक्षात येणं हाच त्यातला अभ्यास आहे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीची सोय होते, अर्जात तसं लिहा. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर तेही लिहा आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. तिथे ते लपवू नका.

फक्त एक सांगते. नोकरी मिळाली का हे मुलाला प्रत्येक फोनवर विचारत असाल तर शिबिराला जाण्याआधी ते थांबवा. मिळाली की तो स्वतःहून सांगेल, सगळ्यात आधी तुम्हालाच सांगेल. त्याऐवजी आज काय शिजवलंस, बाहेर बर्फ आहे का, कुणाला भेटलास हे विचारा आणि त्याचं ऐका. नोकरीचा प्रश्न त्याच्यापाशी दिवसभर असतोच. आईच्या फोनवर त्याला दहा मिनिटं तरी दुसरं काही बोलता आलं पाहिजे. आणि दहा दिवस फोन लागणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर काळजी करायची पाळी त्याच्यावर येईल.

अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण जागा लवकर भरतात. पहाटे चारला घंटा होते, संध्याकाळी फळं आणि चहा एवढंच मिळतं, तेव्हा मधुमेह असेल तर तोही अर्जात कळवा. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर जाड स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे न्या. घाटमाथ्यावर पहाटेची थंडी नाशिकपेक्षा जास्त लागते.